रात्रींची कच्ची वही

तीन वर्षांपूर्वी बाइंडरचं एक पत्र आलं होतं. त्याला मी उत्तर दिलं नाही. म्हणजे लिहिलं, अकरा वेळा लिहिलं, पाठवलं नाही.

बाइंडर म्हणजे आमच्या वाचनालयातली फाटकी पुस्तकं शिवून, खळ लावून पुन्हा उभी करणारा माणूस. मी वर ग्रंथपाल, तो खाली तळघरात. एकोणतीस वर्षं दुपारचा चहा आम्ही एकत्र घेतला. तो मला पंडित म्हणायचा. त्यात आदर किती आणि टवाळी किती, ते मला कधीच कळलं नाही. निवृत्तीनंतर तो मुलीकडे, दुसऱ्या गावी गेला आणि तिथून त्याने लिहिलं: ‘पंडित, माझ्या हृदयाची झडप बदलली. नवी झडप यंत्राची आहे. रात्री टिकटिक करते. फोनवर मला कुणाचं काही ऐकू येत नाही, पण ही बया बरोबर ऐकू येते. तू एवढा वाचलेला माणूस. सांग, टिकटिक मोजत बसायची की विसरून जायचं?’

मला उत्तर माहीत नव्हतं. पहिला मसुदा फार विद्वान झाला, दुसरा फार कोरडा. सातव्यात तर मी त्याला चक्क पुस्तकांची यादी दिली होती. अकराव्यापर्यंत इतके महिने उलटले की आधी उशिराबद्दल माफी मागणं आलं, आणि त्या माफीचा मसुदाही जमेना.

या हिवाळ्यात माझीच झडप आखडली. दार पुरतं उघडत नाही, बदलावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. शस्त्रक्रियेची तारीख अडीच महिन्यांनंतरची मिळाली. तोवरच्या गोळ्या समजावून देताना सिस्टरने बजावलं, “काका, रात्री कसं जातं ते रोज वहीत लिहा. कधी जाग आली, दम किती वेळ लागला, उशा किती लागल्या. श्वासासाठी उठून बसावं लागलं, तर तेव्हाच आम्हाला फोन करायचा. दर पंधरवड्याला वही दाखवायची.”

लिहिण्याचं काम मिळाल्यामुळे मला बरं वाटलं. फोनचं मी मनावर घेतलं नाही. रात्री दोन वाजता अनोळखी माणसाला उठवून काय म्हणायचं, हे मला मसुद्याशिवाय सुचलं नसतं.

दिवसा मी ठीक असायचो. रात्री आडवा झालो की तासाभराने छातीवर कुणीतरी गाठोडं ठेवून गेल्यासारखं व्हायचं. मी धडपडून उठून बसायचो. पाय खाली सोडायचे, खिडकी उघडायची आणि हृदयाची घोडदौड थांबायची वाट बघायची. दोन उशा पुरेनात, तीन पुरेनात. शेवटी बायकोने पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली ज्ञानकोशाचे चार जाडजूड खंड सारले.

“अगं, बाइंडरने शिवलेले आहेत ते,” मी म्हणालो.

“म्हणूनच घेतले. बाकीचे तुमच्या वजनाने उसवतील.”

उतरत्या पलंगावर ती सकाळपर्यंत पायथ्याशी घसरलेली असायची. “डोंगरावर संसार केल्यासारखं वाटतं,” म्हणायची आणि पुन्हा वर सरकायची.

वही मी अंधुक दिव्यात लिहायचो. ‘दोन दहा. उठून बसलो. छातीत शिलाई मशीन. वीस मिनिटं. भीती वाटली.’ दुसऱ्या रात्री ‘एक चाळीस. पुन्हा तेच. मशीनवालीला घाई आहे.’ चौदा रात्रींपैकी नऊ रात्री अशा.

तपासणीच्या आदल्या दिवशी मी ती वही वाचली आणि शरमलो. अक्षर वेडंवाकडं, जागोजाग खाडाखोड, आणि एकच तक्रार नऊ वेळा. वाचनालयाच्या नोंदवहीत मी असं कुणाला खपवून घेतलं नसतं. मी नवी वही काढली, समास आखला आणि पक्की प्रत करायला बसलो. पुनरुक्ती काढली. शिलाई मशीन काढलं. भीती तर सगळ्यात आधी काढली, ती काही लक्षणांत मोडत नाही. रात्रीपर्यंत चौदा रात्रींची एक देखणी ओळ उरली: ‘झोप अधूनमधून मोडते, एरवी प्रकृती समाधानकारक.’

डॉक्टरांनी ती ओळ वाचली. “अरे वा. मग ठरलेल्या तारखेपर्यंत थांबायला हरकत नाही. अजून दोन महिने आहेत.”

मी मान हलवली. दोन महिने म्हणजे साठ रात्री, हा हिशेब मनात झाला. पण सुंदर अक्षरात लिहिलेलं तोंडाने कसं खोडणार?

बायकोने पिशवीत हात घातला आणि जुनी वही टेबलावर ठेवली.

“अगं, ती कच्ची आहे,” मी म्हणालो.

“डॉक्टर, हीच वाचा,” ती म्हणाली. “पक्कं लिहायला बसले की हे खरं तेवढं गाळतात. लग्न ठरत होतं तेव्हा यांनी चुकून मला पत्राचा मसुदाच पाठवला होता. एकाच पानावर तीन वेळा ‘मला तुम्ही आवडलात’ लिहून तीन वेळा खोडलेलं. पक्कं पत्र आलं असतं तर मी नकार कळवला असता.”

डॉक्टर वही वाचू लागले. शिलाई मशीनपाशी हसले. मग हसायचे थांबले आणि बोट ठेवून एकेक तारीख मोजू लागले.

“नऊ वेळा उठून बसलात आणि एकदाही फोन नाही?”

“सगळे झोपले असतील, म्हणून…”

“काका, रात्रपाळीच्या माणसाला झोपू देण्याबद्दल आम्ही आभार मानत नाही,” सिस्टर दारातून म्हणाली.

गोळ्या लगेच बदलल्या. तारीख दोन महिन्यांवरून पुढच्या गुरुवारवर आली. डॉक्टरांनी कच्ची वही परत देताना सांगितलं, “यातच लिहीत जा. आणि भीती वाटली तर तेही लिहा, मला उपयोग होतो.”

नव्या गोळ्यांनी रात्री जरा सुसह्य झाल्या. मंगळवारी मात्र पुन्हा दम लागून बसलो आणि फोन केला. कुणीही रागावलं नाही. सिस्टरने चार प्रश्न विचारले, एक जादा गोळी घ्यायला सांगितली आणि अर्ध्या तासाने स्वतःच फोन करून चौकशी केली. श्वास जागेवर आल्यावरही झोप येईना. वही मांडीवर होतीच. मी त्याच पानावर लिहू लागलो.

‘बाइंडर, टिकटिकीचं मला ठाऊक नाही. तेव्हाही नव्हतं. तेवढं लिहायला तीन वर्षं लागली. परवा माझीही झडप बदलणार. मला भीती वाटते आहे. तुझे चार खंड सध्या माझ्या पलंगाखाली आहेत, एक टाका सुटलेला नाही. आता तूच सांग, मोजतोस की विसरलास? तुझा पंडित.’ पंडितच्या आधी ‘तथाकथित’ लिहिलं होतं, ते खोडलं.

सकाळी वाचलं. तीन ठिकाणी शाई पसरलेली, दोन वाक्यं तिरकी. नवा कागद घ्यायला हात ड्रॉवरकडे गेला.

“काय शोधताय?” बायकोने विचारलं.

“पाकीट,” मी म्हणालो, आणि खरंच पाकीटच काढलं.

पान वहीतून टरकावलं तेव्हा कड दातेरी निघाली. असं फाडलेलं पान बघून बाइंडर मला पहिल्या ओळीआधीच शिव्या घालणार, हे नक्की. घालू दे. त्याच्या शिव्या ऐकून तीन वर्षं झाली.

भरती व्हायला निघालो तेव्हा वाटेतल्या टपालपेटीपाशी टॅक्सी थांबवायला लावली. बायको म्हणाली, “द्या, मी टाकते.” मी नको म्हणालो. उतरलो, दहा पावलं चाललो, एकदा दम खायला थांबलो आणि पाकीट पेटीत सोडलं.