टेबलाखालचा एकशे दहा

मी बोलतोय ते टेबलाखालून. ट्रान्सफॉर्मर आहे मी. लोखंडी डबा, पोटात तांब्याची तार, एका हाताने उचलायला गेलात तर मनगट दुखेल असं वजन. भिंतीतून दोनशे वीस व्होल्ट घ्यायचे आणि त्याचे एकशे दहा करून पुढे द्यायचे, एवढंच माझं काम. एरवी मी नुसता गुणगुणतो. आज मात्र गप्प बसवत नाही.

इलोइलो शहराच्या बाजारात एका कारागिराने माझी तार गुंडाळली आणि अंगावर रंगाने लिहिलं, 'तीनशे वॉट'. याच्याहून जास्त ओझं माझ्यावर टाकू नका, असा त्याचा अर्थ. या घरात ते कुणी वाचलेलं नाही.

मला आणलं ते एका मयतामुळे, माणसाच्या नव्हे, यंत्राच्या. नोंग तेरियो जन्मभर जीपनी, म्हणजे भाड्याची लांब जीप, चालवून थकलेले. अख्खी गल्ली त्यांना नोंग म्हणते, थोरल्या भावाला म्हणावं तसं. बायको गेलेली. एकुलती एक मुलगी, मार्लिंदा, अमेरिकेत नर्स. तिने मोठ्या खोक्यातून साबण, डबाबंद मांस, चॉकलेटं आणि खेळायचा कन्सोल पाठवला. बापलेकीने दोन देशांत बसून एकत्र खेळावं म्हणून.

नोंगांचा मेहुणा विर्जिलियो, म्हणजे गल्लीतला सर्वज्ञ, लगेच हजर. "लावा भिंतीत! काय होतंय!"

झालं. ते यंत्र अमेरिकेतलं, एकशे दहावर वाढलेलं. फट्‌कन आवाज, धूर, खेळ खलास! मार्लिंदाने दुसरं पाठवलं, तेव्हा मला आणलं. त्या दिवसापासून घरात कायदाच झाला: खेळायचं यंत्र भिंतीत लावायचं नाही, डब्यातच लावायचं.

सहा वर्षं तो कन्सोल मी सांभाळला. दर शनिवारी सकाळी नऊला, मुलीच्या तिकडे शुक्रवारची संध्याकाळ असताना, नोंग कॉफी आणि पाव घेऊन बसायचे. खेळात एक तळं होतं. दोघं एका होडीत बसून मासे धरायची. "इंदाय, गळ टाकलास का गं?" असं ते विचारायचे; इंदाय म्हणजे लाडकी लेक. सहा वर्षांत ती घरी एकदाही आली नाही. भेट म्हणाल तर हीच.

मग तो खेळ कन्सोलवर बंद झाला.

"ताताय, आता तो फक्त कॉम्प्युटरवर चालतो," मार्लिंदा फोनवर बापाला म्हणाली. "घ्या ना एक. नाहीतर आपला शनिवार संपला."

नोंगांचं तोंड बघवत नव्हतं. कोपऱ्यावर नाणं टाकून कॉम्प्युटर वापरायचं दुकान होतं, ते बंद होत होतं. तिथून एक जुना कॉम्प्युटर आला. त्याच्या पाठीवर बोटाच्या पेराएवढा लाल खटका होता, दोनशे तीसवर ठेवलेला. म्हणजे सरळ भिंतीत लावायचा! पण घरचा कायदा. नोंगांनी पिन माझ्यातच खुपसली.

सुरू होईना. विर्जिलियो वाकला. "हे बघा! खटका दोनशे तीसवर! दुकानदाराने तुम्हाला येडं बनवलं, नोंग." सुरीचं टोक घालून त्याने तो एकशे पंधरावर, म्हणजे माझ्या एकशे दहाच्या मापावर, सरकवला. पंखा फिरला, दिवा लागला. "डोकं लागतं, डोकं!"

मला कपाळ असतं तर मी ते बडवून घेतलं असतं.

नोंगांचं शिक्षण सुरू झालं. सहा वर्षं दोन अंगठ्यांनी होडी वल्हवलेला माणूस! आता चालायला डाव्या हाताची चार अक्षरं आणि वळायला उजव्या हातात माऊस. माऊस ते साबणाच्या वडीसारखा धरायचे. पहिल्याच दिवशी होडी सोडून तळ्यात पडले.

"पुढे जायला डब्ल्यू, ताताय, डब्ल्यू!"

"अगं, जीपनीला सुद्धा एवढी बटणं नव्हती!"

किती हसली दोघं! मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण विर्जिलियोने खेळातलं चित्र सगळ्यात वरच्या दर्जावर नेऊन ठेवलं. पाण्यातली पानं दिसायला लागली आणि इकडे माझ्यावर तीनशेच्या जागी चारशेचं ओझं आलं. गेले तीन शनिवार मी आतून भाजतोय. तारेवरचा लेप वितळतोय.

आज शनिवार. नऊ वाजून गेलेत. मार्लिंदाने सांगितलंय, सुट्टी मंजूर झाली, डिसेंबरात घरी येतेय. नोंग डोळे पुसताहेत. आणि माझ्यातून वास सुटलाय.

"इंदाय, थांब गं, काहीतरी जळतंय."

विर्जिलियो आत आला. "हा डबाच जळतोय! फेका तो. मी विचारून आलोय, कॉम्प्युटर सरळ भिंतीतच चालतात. सगळ्या गल्लीचे चालतात."

दुर्दैव बघा, आयुष्यात पहिल्यांदा तो बरोबर बोलतोय. स्वतः एकशे पंधरावर फिरवलेला खटका तेवढा विसरलाय; तसाच भिंतीत लावला तर पहिल्या कन्सोलसारखा हाही खलास.

नोंगांनी पिन माझ्यातून उपसली. मी थंड होतोय, आणि याचीच मला भीती वाटतेय. मला भंगारात द्या, नदीत टाका, माझं काही म्हणणं नाही. पण नोंग, एकदा वाका. कॉम्प्युटरच्या पाठीमागे बघा. पाया पडतो तुमच्या, आधी तो खटका बघा हो!

ऐकू जात नाही. टेबलावरच्या फोनमधून मार्लिंदा म्हणतेय, "सावकाश या, ताताय. मी होडीतच बसलेय."

"आलोच," नोंग म्हणाले, आणि त्यांचा हात भिंतीकडे निघाला.