पाहुण्याचे हेल्मेट

मी एक जुने लष्करी हेल्मेट आहे, मित्रांनो. पुस्तकात मला शिरस्त्राण म्हणतात, पण त्या भारदस्त नावाने मला आजवर कुणी हाक मारलेली नाही. माझी उजवी बाजू आत चेपलेली आहे. ती कशी चेपली, हे सांगताना मला अजून लाज वाटते.

कारखान्यात माझ्या पोटात जाडजूड गाद्या बसवल्या गेल्या. तिथला मुकादम कामगारांना बजावायचा, "कवच नुसतं अडवतं रे, डोकं वाचवते ती गादी!"

मी ज्याच्या वाट्याला आले, तो दुसऱ्या देशातून आलेला वेल्डर होता. सैन्यात दोन वर्षे काढल्यावर त्याला या देशाचे नागरिकत्व मिळाले. शपथ घेताना त्याचा आवाज इतका चढला की बायकोला हसू आणि रडू एकदमच आले. पण पलटणीत हवालदाराने त्याचे नाव ठेवले होते पाहुणा, ते काही सुटले नाही.

"आता मी तुमच्यातलाच, हवालदारसाहेब," तो म्हणाला.

"कागदावर का होईना!" हवालदार म्हणाला आणि सगळी बराक खदखदून हसली. पाहुणाही हसला. न हसून सांगतो कुणाला?

पुढे सुट्टीवरून परतताना नाक्यावरच्या शिपायांनी त्याला अडवले. "हा गणवेश कुठून चोरलास?" म्हणत त्यांनी त्याचे तोंड भिंतीवर आपटले. ओठ फाटला, दात हलला. नागरिकत्वाचा दाखला घरी पेटीत होता. बायको तो घेऊन येईपर्यंत त्याला गुडघ्यांवर बसवून ठेवले. त्या दिवसापासून त्याने दाखला अंगावरच ठेवायचे ठरवले. खिशात घामाने शाई पसरायची, म्हणून त्याने माझी उजवीकडची गादी उपटली आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला दाखला तिथे खोचला. मला वाचा असती, तर मी किंचाळले असते.

मग लढाई पेटली आणि पुलाजवळच्या पिठाच्या गिरणीत आम्ही सापडलो. तोफगोळे एकामागून एक येत होते. पहिल्या गोळ्याने ड्रायव्हरचा पाय मांडीपासून तुटला; तो पिठात हात खुपसून आईला हाका मारत मेला. दुसऱ्याने आमची गाडी पेटली आणि आत हवालदार अडकला. त्याचे हात जळत होते, कातडी दाराला चिकटत होती. बाकीचे भिंतीआड दबून राहिले. पाहुणा मात्र पळत गेला आणि सीटचा पट्टा कापून त्याने हवालदाराला ओढून काढले. तेवढ्यात गिरणीची भिंत ढासळली आणि दगडाचा एक चिरा थेट माझ्या उजव्या बाजूवर बसला. मी फुटले नाही. पण चेपून आत गेले, आणि आत गादी नव्हती. हाड मोडल्याचा आवाज मी अगदी जवळून ऐकला.

लष्करी दवाखान्यात डॉक्टरांनी मला उलटे केले. प्लास्टिक फाटून रक्ताने भिजलेला दाखला हातात येताच त्यांनी डोळे मिटले. "गादी असती तर चार टाक्यांवर भागलं असतं," ते म्हणाले.

शेजारच्या खाटेवरून हवालदार ओरडला, "मूर्खा! कागद कशाला रे ठेवलास तिथं?"

पाहुण्याने डोळे उघडले. "तुम्हीच 'कागद कुठाय?' विचारलं असतंत तर?" तो म्हणाला. संध्याकाळच्या आत तो गेला.

हातांच्या पट्ट्या सुटल्यावर हवालदार मला घेऊन त्याच्या घरी गेला. बायकोसमोर त्याने सगळे कबूल केले, स्वतःच्या हसण्यासकट. तिने मला मांडीवर घेतले आणि चेपलेल्या जागेवरून कितीतरी वेळ तळवा फिरवला. मग ती हळूच म्हणाली, "भाऊ, तो दाखला परत मिळेल का? पोरीला शाळेत घालायचंय. तिथं मागतील."

हवालदाराने मान खाली घातली.

मित्रांनो, ती मुलगी आता शाळेत जाऊ लागली आहे. एखाद्या दिवशी ती तुमच्याच वर्गाच्या दारात उभी राहील. तेव्हा तिला काहीही विचारू नका. सरकून जागा करा आणि तिला शेजारी बसवून घ्या.