गीताचे अकरा फोटो

हर्षाने माऊसचा बाण गीताच्या मेलवर नेला, खाली जोडलेल्या अकरा फोटोंवरून फिरवला आणि कुठेच टिचकी न मारता मागे घेतला.

"उघडले काय वं?" शेजारच्या खुर्चीतून पार्बताबाईंनी विचारलं.

"नाई."

"काऊन?"

"सांगतलं नं आई तुले. हे फोटो येगळ्या प्रकारचे हायेत. ब्राउझरमधी प्लग-इन टाका लागते त्याईले."

यात खोटं तसं काहीच नव्हतं. गीताच्या नव्या महागड्या फोनमधले फोटो या जुन्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरला ओळखूच येत नव्हते. पीडीएफ तो आपणहून दाखवी. अनोळखी फाईल आली की मात्र ती उघडणारा छोटासा जोड आधी त्यात बसवावा लागे. काम दोन मिनिटांचं. भातकुलीतल्या ऑनलाइन फॉर्म भरण्याच्या दुकानात हर्षा दिवसभर हेच करायची. लोकांच्या आडमुठ्या फाईली तिच्यापुढे मुकाट उघडत. घरी मात्र वीस दिवस झाले, तिचा हात चालत नव्हता.

चालणार कसा? आईचं औषधपाणी हर्षाने बघायचं, मोतीबिंदूसाठी अमरावतीच्या खेपा हर्षाने घालायच्या, आणि आई वाट कोणाची बघणार, तर बंगळुरूच्या धाकटीची. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय! मोबाइलवर आईला बारीक दिसतं म्हणून गीता मुद्दाम मेलवर मोठे फोटो पाठवते, तर त्याचंही गल्लीभर कौतुक. 'माह्या गीताले किती कळते!' हे ऐकलं की हर्षाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कॉम्प्युटरपुढे डोळे लावून बसलेली आई तिला बघवत नसे.

आणि बसणं तरी रोजचं. हर्षा दुकानातून येऊन हातपाय धुते न धुते तोच आई दुसरी खुर्ची ओढून हाक मारी. मग हर्षा खटपट केल्यासारखी कीबोर्डची बटणं दाबत राही. तो तेवढा नवा होता. जुना बिघडला म्हणून बसस्टँडजवळचा कॉम्प्युटरवाला मोईज, हर्षा दुकानात असताना, घरी येऊन बदलून गेला होता. तेवढ्या वेळात आई भाजलेल्या शेंगांची वाटी पुढे सरकवी, आज दुकानात कोण भांडलं ते विचारी, मध्येच तिच्या केसांतून हात फिरवी. ही सगळी लाडीगोडी गीताच्या फोटोंसाठी आहे, हे न कळण्याइतकी हर्षा बावळट नव्हती. शेंगा मात्र ती खाई.

आज शेंगा अर्ध्या झाल्या आणि फोन वाजला. गीताच होती.

"आई, फोटो पाह्यले का वं?" तिचा आवाज हर्षापर्यंत ऐकू आला.

हर्षाने मान खाली घातली. आता आपलं नाव निघणार.

"पाह्यले नं माय," पार्बताबाई म्हणाल्या. "लय चांगले आले. हर्षानं दाखवले."

फोन ठेवून त्या पुन्हा शेंगा सोलू लागल्या. हर्षाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपला हेवा झाकायला आईने खोटं बोलावं! मंगळवारी तिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. जळायचं तेवढं जळून झालं, आता पुरे. नेमकं कोणतं प्लग-इन लागतं ते बघायला तिने पहिल्याच फोटोवर टिचकी मारली.

फोटो उघडला.

स्क्रीनभर गीता हसत होती, मागे बाल्कनीत कुंडीतली शेवंती. हर्षाने दुसरा दाबला. तोही उघडला. मग तिसरा.

"आई, हे कसे उघडले?"

पार्बताबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"मोईजनं टाकून देल्लं काईतरी. कीबोर्ड बदलाले आल्ता नं. तवाच दाखवले त्यानं मले सगळे."

"त्याले तं पंधरा दिवस झाले! मंग रोज मले काऊन विचारून राहिली होती?"

पार्बताबाईंनी टरफलं गोळा करून ओच्यात घेतली. स्क्रीनकडे त्यांनी अजून एकदाही पाहिलं नव्हतं.

"मंग आता," त्यांनी विचारलं, "उद्यापासून नाई बसशीन का तू?"