पडद्याकडे पाठ

थोरलीनं टीव्हीचा आवाज बंद केला, मोबाइल फुलदाणीला टेकवून बाबांच्या तोंडासमोर उभा केला आणि त्यावर लाल ठिपका लागल्याची खात्री करून म्हणाली,

"हं, बाबा. करा सुरू."

बाबांनी आधी मोबाइलकडे पाहिलं, मग टीव्हीकडे. पडद्यावर एक मुलगी मेणबत्ती घेऊन जिना चढत होती. घरात वारा शिरलाय हे तिच्या केसांवरून कळत होतं. बाबांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला, आणि सोफ्यावर पडलेला रिमोट उचलून आवाज परत चालू केला.

"बाबा."

"अगं, बघू तर दे काय म्हणतेय ती."

ती काय म्हणते हे थोरलीला लहानपणापासून पाठ होतं. जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबून ती म्हणायची, 'कोण आहे तिकडे? दूधवाला असशील तर उद्या ये.' यावर थोरली आणि तिचा धाकटा भाऊ दर वेळी सारखेच हसायचे. आता मात्र पडद्यावरची मुलगी मेणबत्ती उंच धरून, कुणीतरी नाटकात बोलावं तसं म्हणाली, "हे पवनराज, माझ्या बंधूला मुक्त कर."

"बघ," बाबा म्हणाले. "भावाला पळवलाय होय. तरीच ती रडवेली दिसायची."

त्यांच्या मांडीवर बसलेल्या ठमीनं, थोरलीच्या मुलीनं, मान वर करून आईकडे पाहिलं. या सिनेमात खूप हसायला येतं, असं तिला सकाळपासून सांगून ठेवलेलं होतं.

सिनेमा घरात आला तो कॅसेटच्या रूपात. परदेशी गेलेल्या मामानं आणलेली ती कॅसेट घरातल्या कुणालाही न कळणाऱ्या भाषेत होती. बाबांचं चष्म्यांचं दुकान होतं. संध्याकाळी दुकान बंद करून ते आले की मुलं कॅसेट घालून तयार असायची, आणि बाबा सगळ्यांच्या वतीनं बोलायचे. मुलीचं, वाऱ्याच्या राजाचं, तिला वाट दाखवणाऱ्या हंसाचं, पूल अडवून बसलेल्या दगडी राक्षसाचं. हंस भेटेल त्याचे डोळे तपासायचा आणि नंबर वाढलाय म्हणून सांगायचा. राक्षसाचं पोट बिघडलेलं असायचं, म्हणून तो कण्हायचा. शेजारच्या घरातही हाच सिनेमा होता, पण तिथली मुलं तो बघून रडायची. तो वेगळाच सिनेमा असावा, अशी थोरलीची कितीतरी वर्षं समजूत होती.

चालवून चालवून चित्रावर पट्टे आले. पुढे कॅसेटला बुरशी लागली आणि यंत्रही अडगळीत गेलं. सिनेमा मात्र गेला नाही. घरात कुणाचा चष्मा हरवला तरी हंसाचं नाव निघायचं. ठमीचं पोट दुखायला लागलं की थोरली तिला विचारायची, पुलावर जाऊन बसणार आहेस का.

सोमवारी बाबांचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी कागदावर गळ्याचं चित्र काढून समजावलं होतं की स्वरयंत्र काढावं लागेल, ठेवण्यासारखं राहिलेलं नाही. श्वास गळ्याच्या भोकातून घ्यायचा. पुढे उपकरणानं थोडंफार बोलता येईल, पण तो आवाज यांचा नसेल. बाबांनी विचारलं होतं, मग गिऱ्हाइकाशी घासाघीस कशी करायची. डॉक्टर हसले होते. आई हसली नव्हती. तेव्हापासून बाबा भेटेल त्याला असलंच काहीतरी ऐकवत होते. आता घरात तुझीच बाजू खरी, कारण उलट बोलायला माझ्याकडे आवाजच नसेल, हे त्यांचं आईला सांगून झालं होतं. निघताना डॉक्टर म्हणाले होते की तोवर भरपूर बोला, काही जपून ठेवायचं असेल तर ध्वनिमुद्रण करून घ्या.

एवढंच वाक्य थोरलीनं घट्ट धरलं. भावानं फोनवरून सुचवलं होतं की बाबांकडून नातवंडांसाठी चार शब्द बोलून घे. चार शब्द कुणीही बोलतं. तिला हंस हवा होता, राक्षस हवा होता.

डिस्क शोधायला तिनं बाजार पालथा घातला. ज्या दुकानात मिळाली तिथला दुकानदार म्हणाला, हा अजून खपतो. लहानपणी पाहिलेले आईबाप मुलांसाठी नेतात, आणि मग ती मुलं तो बंद करू देत नाहीत. आता चित्र धुऊन काढल्यासारखं स्वच्छ केलंय आणि संवादही आपल्या भाषेत आहेत. संवादांकडे थोरलीनं लक्षच दिलं नव्हतं. आवाज बंदच तर करायचा होता.

आणि आता बाबा आवाज बंद करू देत नव्हते.

तिनं सिनेमा थांबवून पुन्हा पहिल्यापासून लावला. बाबांना समजावलं की मुलगी राहू दे, वाराही राहू दे, नुसता हंस करा. हंस तळ्यातून वर आला. तिनं आवाज बारीक केला, बोटानं खूण केली. बाबा पुढे झुकले, तोंड उघडलं, आणि तसेच राहिले. पडद्यावरच्या हंसानं पंख पसरले होते. पूर्वीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या चित्रात ते करडे दिसायचे. आता एकेक पीस वेगळं दिसत होतं.

"काय देखणा आहे गं," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज आधीच फाटल्यासारखा झाला होता. "वाढव जरा, ऐकू येत नाहीये."

"बाबा, तो काय बोलतो ते तुम्हीच सांगायचंय."

"हा त्याचं चांगलं बोलतोय की."

स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणाली, "जन्मभर बोलले. आता दोन घटका गप्प बसलेत तर तुला ते बघवेना."

"आई, तू मध्ये पडू नकोस."

"मी कशाला पडू. माझं ऐकतंय कोण या घरात."

थोरली पुन्हा रिमोटकडे वळली. मोबाइलची बॅटरी उतरत होती, तिला वायर लावावी लागली. वायर पुरेना म्हणून सोफा सरकवावा लागला. सोफा सरकवला तर बाबांना पडद्यावर खिडकीचा उजेड दिसायला लागला, म्हणून ते उठून खुर्चीत जाऊन बसले, आणि मोबाइलसमोर रिकामा सोफा उरला. ठमी म्हणाली, मला दुसरं काहीतरी लावा. थोरली म्हणाली, दोन मिनिटं गप्प बस. मग बाबाही म्हणाले, "हो ना, ऐकू दे जरा," आणि ते कुणाला म्हणाले हे तिला कळलं नाही.

तिनं टीव्हीच बंद केला.

काळ्या पडद्यात तिघांच्या अस्पष्ट आकृत्या दिसत होत्या.

"तुम्हाला कळतंय का, बाबा," ती म्हणाली. "सोमवारनंतर..." पुढचं तिला म्हणता येईना. तिनं रिमोट टेबलावर ठेवला, जरा आपटूनच. "मी इतकं काय मागितलंय? हा सिनेमा तुम्हाला झोपेतसुद्धा येतो. शंभरदा बघितलाय आपण."

"तुम्ही बघितलाय," बाबा म्हणाले. "मी नाही बघितलेला."

"म्हणजे?"

त्यांनी घसा साफ करायचा प्रयत्न केला. तो साफ होत नाही हे त्यांनाही माहीत होतं.

"मी टीव्हीच्या बाजूला स्टुलावर बसायचो. तुमच्याकडे तोंड करून."

थोरलीला स्टूल आठवलं. स्टुलावर बसलेले बाबा आठवले, त्यांचे हवेत फिरणारे हात, फुगवलेले गाल. पडद्याला लागूनच ते दिसायचे. त्यांची पाठ कुणीकडे असायची याचा विचार तिनं कधी केला नव्हता.

"पडदा बघत बसलो असतो तर तुमची तोंडं कशी दिसली असती?" बाबा म्हणाले. "सुरुवातीला एकदोनदा बघितलं असेल मान वळवून. मग लागेना बघायला. हंस आला की तू पुढे सरकायचीस. धाकट्यानं उशी ओढली की समजायचं, पूल आला. भाषा कुठे येत होती मला. काहीतरी बोलायचं." ते थांबून श्वास घेऊ लागले. "त्या पोरीला भाऊ सापडतो का?"

"सा..."

"नको, सांगू नकोस."

आई दारातच उभी होती. "एकदा मान अवघडली होती यांची," ती म्हणाली. "मीच म्हटलं होतं, सारखं वळून बघू नका." आणि ती आत गेली.

थोरलीचा राग गेला नव्हता. उलट आता तो कुणावर काढावा हे कळत नसल्यामुळे जास्तच टोचत होता. तिनं मोबाइल उचलला. त्यात जमा झालं होतं ते बहुतेक तिचंच, 'बाबा, करा ना,' 'बाबा, आता,' असं. तिनं रेकॉर्डिंग थांबवून मोबाइल पालथा घातला, टीव्ही लावला, सोडलं होतं त्या जागेपासून.

"थँक्यू," बाबा म्हणाले. हा शब्द ते तिच्याशी कधी वापरत नसत.

हंस मुलीला घेऊन ढगांवरून चालला. तो आता फार विद्वान झाला होता. मोठमोठी वाक्यं बोलत होता. बाबा खुर्चीच्या कडेवर येऊन, गुडघ्यांवर कोपरं टेकवून ऐकत होते. ठमी त्यांचा सदरा ओढत राहिली. आजोबा, तो काय म्हणाला? आजोबा, मला सांगा ना. ते तिला हातानं थोपटत होते, पण नजर पडद्यावरून हलत नव्हती.

निदान सिनेमा तरी त्यांना धड बघू दे, असं मनाशी म्हणत थोरलीनं ठमीला उचललं, सोफ्याच्या टोकाला बसवलं आणि स्वतः टीव्हीच्या बाजूच्या बुटक्या फळीवरच्या कुंड्या खाली ठेवून, तिच्याकडे तोंड करून बसली. फळी म्हणजे धाकट्याच्या जुन्या पेटीचं झाकण होतं, दोन विटांवर ठेवलेलं.

"इकडे बघ. मी सांगते. हळू आवाजात हं." ती नाक दाबून बोलू लागली. "अगं मुली, तुझा नंबर वाढलाय. तुला लांबचं दिसत नाहीये."

ठमीनं तिच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिलं. "हंस नाहीये तिथे."

"कोण आहे मग?"

"ढग आहेत नुसते."

थोरली वळून बघणार होती. पण वळलं की ठमीचं तोंड दिसेना, आणि ठमीकडे बघितलं की ढग संपले का ते कळेना. तिनं वाऱ्याच्या राजाचं काही बोलून पाहिलं. तेही भलत्याच जागी पडलं. ठमी म्हणाली, आई, तुला नाही येत. थोरली म्हणाली, नाही येत तर नाही येत, आणि हे तिनं इतक्या तुटक आवाजात म्हटलं की ठमीनं उशी जवळ घेतली.

मागचं संगीत खाली गेलं. जड काहीतरी फरपटत येत असल्याचा आवाज झाला. ठमीनं अंगठा तोंडात घातला. पण थोरलीची नजर तिच्यावरून पलीकडे, खुर्चीकडे गेली होती.

बाबा पडद्याकडे बघत होते. त्यांचा एक हात गळ्याशी गेला होता आणि बोटांनी कॉलर घट्ट धरली होती. चेहऱ्यावर गंमत नव्हती. डॉक्टरांकडून निघाल्यापासून, गाडीत, जेवताना, फोनवर, प्रत्येक वेळी जे काही त्या चेहऱ्यावर आणून ठेवलेलं असायचं, ते आता नव्हतं. डोळे मोठे झाले होते आणि चष्म्याच्या काचांवर पडद्यावरचं काहीतरी काळं हळूहळू पसरत होतं.

थोरलीनं मागे वळून बघितलं नाही.

तिनं पोटावर हात धरला आणि वाकून, घशाच्या खालून, जाड, ओढलेल्या आवाजात म्हणाली,

"आई गं. पुलावरून आज कुणी जायचं नाही. माझं पोट बिघडलंय. काल काय खाल्लं होतं कोण जाणे."

ठमीनं अंगठा बाहेर काढला. ती हसली, थोडं उशिरा, मग मोठ्यानं.

बाबांचा हात कॉलरवरून खाली आला. मागे पडद्यावर दगडी राक्षस आपल्या शुद्ध भाषेत गर्जना करत होता. ते तिकडे बघत नव्हते. ते थोरलीकडे बघत होते, खुर्चीत जरा मागे रेलून.

"मग?" ते म्हणाले.