कधीकधी दुखणारे गुडघे

बाई चौथ्यांदा जिना उतरून फाटकाशी गेल्या, रस्ता न्याहाळला आणि पुन्हा वर आल्या. आज पोस्टमन येईल, असं वकिलाने सकाळी फोनवर सांगितलं होतं. तेव्हापासून त्यांचा पाय घरात ठरत नव्हता. चहा ठेवला तो उतू गेला. वर्तमानपत्राचं एकच पान दोनदा वाचून झालं.

खालच्या खोलीतून शिलाई मशीनचा आवाज नेहमीसारखा येत होता. एकोणीस वर्षं तिथे शिंपीमास्तर भाड्याने राहत होते. पुढे दुकान, पडद्यामागे बिऱ्हाड. जन्मभर शिकवून निवृत्त झालेल्या बाई वर आणि शाळेची पायरीही न चढलेले मास्तर खाली, याची गल्लीत चेष्टा व्हायची. मास्तरांना टेपवरचे आकडे कळत, अक्षरं नाहीत. कुठलं कापड कुणाचं हे लक्षात राहावं म्हणून ते त्यावर खडूने चित्र काढत. कुणाचा चष्मा, कुणाची मिशी. सही तेवढी बाईंनी शिकवली होती. आलेला प्रत्येक कागद ते वर घेऊन येत, बाई वाचून दाखवत आणि उत्तरही त्याच लिहीत.

नोटीस पाठवताना नेमकं हेच कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

बाईंच्या मुलाला घर विकायचं होतं आणि भाडेकरूसकट ते घ्यायला कुणी तयार होईना. वकिलाने दोघा मायलेकांना समोर बसवून समजावलं होतं. कुलूप बदलायचं नाही, वीज तोडायची नाही, सामानाला हात लावायचा तर विचारही करायचा नाही. आधी नोटीस, मग दावा, मग कोर्टाचा हुकूम. त्यासाठी मालकाला जागेची खरी गरज हवी, आणि विकायची घाई म्हणजे गरज नव्हे. मुलाने तिथल्या तिथे विचारलं, आई, तुझे गुडघे दुखतात ना? कधीकधी, असं बाई म्हणाल्या. पुढे त्यातलं 'कधीकधी' कुठे गळालं, देव जाणे. वाचल्याशिवाय सही करू नका, असं पोरांना आयुष्यभर बजावणाऱ्या बाईंनी नोटिशीवर न वाचताच सही करून टाकली.

बाराच्या सुमारास मशीन थांबलं. मास्तर वर आले. गळ्यात टेप, हातात लांबट लिफाफा.

"सही करून घेतलाय. कोर्टाबिर्टाचा दिसतोय. जरा बघता का, बाई?"

बाईंना वाटलं, चष्मा सापडत नाही म्हणावं, तर तो नाकावरच होता. शेवटी त्यांनी सगळं वाचलं, एकही शब्द न गाळता. घरमालकीण वयस्कर असून गुडघ्यांच्या दुखण्यामुळे त्यांना जिना अजिबात चढता येत नाही, तळमजल्याची खोली त्यांना स्वतःला राहण्यासाठी हवी आहे, तरी तीन महिन्यांत रिकामा ताबा द्यावा. वाचता वाचता त्यांना स्वतःच्या आवाजाची लाज वाटत होती.

मास्तर टेप बोटाभोवती गुंडाळत आणि सोडत राहिले. मग त्यांना भलत्याच गोष्टीचा राग आला. एवढं दुखत होतं तर सांगायचं नाही का? भाजी, औषधं, गॅसची टाकी, सगळं वर आणून दिलं नसतं का? हे असं परक्यासारखं पोस्टाने कळवायचं?

"लिहा उत्तर," ते म्हणाले. "तीन महिने नकोत. एका महिन्यात सोडतो."

"आणि जाल कुठे?"

"बघू कुठेतरी. तुमच्या पायांचं आधी बघायला हवं."

बाई लिहायला बसल्या. दोन कागद फाडले, तिसऱ्यावर झरझर लिहिलं. मास्तर वाकून बघत होते. वाचता येत नसलं तरी ओळी मोजता येत होत्या.

"मी दोनच वाक्यं सांगितली. तुम्ही सहा ओळी लिहिल्यात."

कायद्याची भाषा लांबलचक असते, एवढं म्हटलं असतं तरी मास्तरांनी सही केली असती. बाईंनी कागद उचलला आणि वाचून दाखवला.

"घरमालकिणीला ही खोली राहायला नको आहे. त्यांच्या मुलाला घर विकायचं आहे. गुडघ्यांचं कारण खरं नाही. हे त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी सही केली. म्हणून मी ताबा देणार नाही."

मास्तरांनी बाईंच्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. त्यांचा चेहरा पार उतरला. बाईंनी पुढे केलेलं पेन त्यांनी घेतलं नाही.

"यावर माझी सही कशी चालेल, बाई? मला यातलं काय माहीत होतं? ज्याला माहीत होतं, त्याने करावी."

ते खाली निघून गेले. बाई कागदापुढे बसून राहिल्या. मुलगा काय म्हणेल, ही धास्ती होतीच. पुष्कळ वेळाने त्यांनी शेवटची ओळ खोडली, तिच्या जागी 'नोटीस मी मागे घेत आहे' असं लिहिलं आणि पुन्हा एकदा सगळं वाचून खाली सही केली. लिफाफ्यावर पत्ता घातला तो मुलाचा.