वाटीबुवा आणि रिकामी डोकी

शाळेच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. आईबाप आपापल्या पोरांना पुढे ढकलत होते आणि व्यासपीठावर वाटीबुवा एकेकाच्या डोक्यावर पितळी वाटी ठेवून तिच्या काठावर चमच्याने ठोकत होते. ‘ठप्प’ वाजलं की डोकं भरलेलं, ‘टण्ण’ वाजलं की रिकामं!

“विद्या रक्तातच असावी लागते, मंडळी!” बुवा गरजले. “रिकाम्या डोक्यात कितीही ओता, खालून गळणारच!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. व्यासपीठावर बसलेले हेडसर तर पार विरघळले होते. गेल्या वर्षी बुवांनी रिकामी ठरवलेली पोरं खरंच नापास झाली होती. याहून मोठा पुरावा सरांना नको होता.

विज्ञानाच्या बाई भिंतीला टेकून धुमसत होत्या. आता टेलरमास्तरांच्या थोरलीची पाळी होती. ही पोरगी वर्गात प्रश्न विचारून बाईंना भंडावून सोडायची आणि परीक्षेत मात्र आपटायची. मास्तरांनी सकाळीच सांगून टाकलं होतं, “बाई, आज टण्ण वाजलं तर शाळा बंद. दुकानात बसेल.”

बुवांनी पोरीला जवळ घेतलं. “बाळ, काल संध्याकाळी काय केलंस गं?”

“काजं केली. मग बटणं लावली.”

टण्ण!

मास्तरांनी मान खाली घातली. पाठोपाठ डॉक्टरांचा मुलगा आला. संध्याकाळी शिकवणी, मग आईने गणितं करून घेतली, असं त्याने सांगितलं. ठप्प!

बाईंनी कान टवकारले. हा माणूस आधी विचारतो आणि मग वाजवतो! त्यांनी बुवांची बोटं नीट न्याहाळली आणि तरातरा व्यासपीठ गाठलं.

“बुवा, हेडसरांचंही वाजवा की.”

“मोठ्यांची डोकी पिकलेली असतात, ताई. वाजत नाहीत.”

“बघू तरी!” बाईंनी वाटी-चमचा ओढून घेतला, वाटी सरांच्या टकलावर ठेवली आणि ठोकली. टण्ण! सभागृह हसून लोटपोट झालं. “घाबरू नका, सर.” बाईंनी काठाला हळूच बोट लावून पुन्हा ठोकलं. ठप्प! “झालात बघा विद्वान. काठाला बोट लागलं की आवाज दबतो. चमत्कार एवढाच.”

डॉक्टर उठले. “पण बाई, ती पोरं नापास झालीच ना?”

“होणारच! यांनी डोकं नाही, घर वाजवून पाहिलं. जिची संध्याकाळ बटणं लावण्यात जाते ती मागे पडणार, हे सांगायला वाटी कशाला लागते? वर आम्ही टण्णवाल्यांना शेवटच्या बाकांवर बसवलं आणि त्यांना काही विचारणंच सोडून दिलं.” हेडसर छताकडे बघू लागले. “त्या बाकांवर कोण बसतं बघा जरा. हमालांची पोरं, धुणीभांडी करणाऱ्यांच्या पोरी, धाकट्यांना सांभाळणाऱ्या ताया. नेमकी यांचीच डोकी रिकामी कशी निघाली? रक्तसुद्धा घराचा पत्ता विचारून बिघडतं की काय?”

टेलरमास्तर घोगऱ्या आवाजात म्हणाले, “म्हणजे पोर माझ्यामुळे नापास झाली?”

बाईंचा आवाज खाली आला. “एकट्या तुमच्यामुळे नाही, मास्तर. एकट्याने दुकान ओढवत नाही, हे मला कळतं. शाळा सुटल्यावर अशा मुलांसाठी वर्ग उघडा ठेवणं आमचं काम होतं. आम्ही कुलूप लावून घरी जात होतो.”

एव्हाना बुवा मागच्या दाराने पसार झाले होते.

मास्तरांनी लेकीचा हात धरला. “आजपासून बटणं मी लावीन. गिऱ्हाईक बोंबललं तर बोंबलू दे.”

“आणि वर्ग उद्यापासून उघडा,” बाई हेडसरांकडे बघत म्हणाल्या. सरांनी मान डोलावली. दुसरं करणार काय?

मंडळी, बुवा पळाला म्हणून खूश होऊ नका. तो वाटी वाजवायचा, आपण वाटीशिवाय वाजवतो. पोर नापास झालं की “त्याचं डोकंच नाही” म्हणून मोकळे होतो. पुढच्या वेळी हे वाक्य ओठांवर आलं तर तिथेच गिळा, आणि त्या पोराला अभ्यासाला वेळ, जागा आणि शिकवणारं माणूस मिळालं होतं का, ते आधी विचारा.