आबांच्या हातातला झारा

कळसाडीच्या वेशीवर कमान उभी राहिली आणि तिच्यावर दोधू आबांच्या हाती बंदूक आली. आबा आता हयात नव्हते, म्हणून हे जमलं.

मूळ फोटोत आबा लष्करी ऐटीत, खांद्याशी झारा धरून उभे होते. एकाहत्तरच्या लढाईतही ते लंगरातच, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरातच होते. "गोई लागनी ते एक जवान पडस, दाळ बिघडनी ते आखी पलटन पडस," असं ते छाती काढून सांगायचे. पण पुतण्याचा मुलगा नवनीत याला येत्या निवडणुकीत योद्ध्याचा नातू व्हायचं होतं. बॅनरवाल्याने झारा पुसला, बंदूक चिकटवली, मागे दोन रणगाडे फुकट दिले. मूठ मात्र झाऱ्याचीच राहिली.

"बंदूक आशी धरतस का वं?" पाण्याला निघालेली मोतीबाई म्हणाली. "आबा ते पुऱ्या तळी ऱ्हायनात!"

आबांनी वाढवलेली नात काजल हसली नाही. नवनीतला गाठून ती म्हणाली, "भाऊ, बॅनर उतराव."

"आनि लोकेसले काय सांगू? आबा पोया लाटेत?"

"लाटेच ना!"

पेन्शनीत आल्यावर दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आबा स्वतः खापरावर मांडे करायचे. पारावरून आवाज यायचा, "दोधूभाऊ, बांगड्या भरी ल्या!" आबा म्हणायचे, "आगोदर जेवी ल्या, मंग भरू." मंडळी जेवायची. बांगड्यांचा विषय पुढच्या आखाजीपर्यंत तहकूब व्हायचा. मांडा हातावर कसा पसरायचा, हे काजल त्यांच्याकडूनच शिकली.

यंदा आबा गेल्यानंतरची पहिली आखाजी. घागर भरायची, मांडे करायचे आणि पितराला हाक मारून त्याच्या नावाचा घास निखाऱ्यावर ठेवायचा, म्हणजे आगारी टाकायची. ती घरातल्या पुरुषाने, म्हणजे नवनीतने. त्याने तोच मुहूर्त धरून कमानीच्या उद्घाटनाला पक्षाचे साहेब बोलावले होते.

सकाळी काजलने लोखंडी चूल, खापर आणि पुरणाचं पातेलं उचललं आणि थेट कमानीखाली मांडलं. शेजारी झाऱ्याचा फोटो टेकवला.

"ऊठ काजल, साहेब यी ऱ्हायनात!"

"येऊ दे. भुक्या पोटेच येतस ना?"

साहेब आले. चूल ओलांडल्याशिवाय फितीपर्यंत जाता येईना. तेवढ्यात आबांची बायको, धनुबाई, काठी टेकत आली आणि चुलीपाशी बसली.

"चूल आठे शे, ते आगारी बी आठेच. टाक रे नवनीत."

साहेबांसमोर नाही कसं म्हणणार? नवनीतने मांड्याचा तुकडा घेतला, घसा साफ केला. "वीर योद्धा..."

"थांब. कोनले हाक मारी ऱ्हायना तू?"

"आबाले."

"आपला घरमा योद्धा कोनी नव्हता. तो येनार नई, आनि मन्हा मानूस भुक्या ऱ्हाई जाई. लंगरना कुक दोधू, जेवाले ये, आसं म्हन."

नवनीतने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी बॅनरकडे पाहिलं. नवनीत पुटपुटला.

"मोठा आवाजमा," धनुबाई म्हणाली. "तेस्ले कमी ऐकाले ये."

"लंगरना कुक दोधू, जेवाले ये!"

निखाऱ्यावर तूप चरचरलं. टाळ्या वाजवायच्या की नाहीत, हे माणसं एकमेकांकडे बघून ठरवत राहिली. काजलने खापरावर पुढचा मांडा टाकला.

"साहेब, बसा," ती म्हणाली. "जेवल्याशिवाय कमानीखालून कोणी जायचं नाही. आबांची ऑर्डर आहे."